गुरांचें औषध आणि गिधाडांचा ऱ्हास

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं गोठा आहे. गोठ्यांतील बैल लंगडूं लागला, गाईच्या कासेस सूज आली किंवा म्हशीनें चारा टाकला, कीं घरांतील वडील माणूस गुरांच्या डॉक्टरास बोलावितो. डॉक्टर लांब असल्यास तालुक्याच्या बाजारांतील औषधाच्या दुकानांतून एखादी कुपी आणवितो. सुई टोचल्यावर जनावराच्या वेदना कमी होतात, दुसऱ्या दिवशीं तें उठून उभें राहतें आणि आपण देवाचे आभार मानतों. त्या कुपींतील औषधाचा पुढचा प्रवास कोठवर होतो, ह्याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. तो विचार व्हावा म्हणून कायदे आहेत. आणि एका बाबतींत तो वेळेवर न झाल्यामुळें काय अनर्थ घडला, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहों.

आपल्या देशांत औषधांसंबंधींचा मुख्य कायदा १९४० सालचा असून त्याखालील नियम १९४५ चे आहेत. माणसांचीं आणि जनावरांचीं औषधें ह्याच एका कायद्याखालीं येतात. परवान्यावांचून औषध तयार करतां येत नाहीं व विकतांही येत नाहीं. नव्या औषधास मान्यता देणें हें दिल्लीच्या औषध महानियंत्रकांचें काम. दुकानें तपासणें व नमुने घेणें हें राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचें. जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर पाळीव जनावराच्या डोक्याचें चित्र असावें लागतें, आणि हें औषध माणसांसाठीं नसून केवळ जनावरांच्या उपचारासाठीं आहे, असें त्यावर लिहावें लागतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं घरची कुपी हातीं घेऊन तें चित्र शोधून पाहावें.

२०१२ सालीं ह्या नियमांत एक महत्त्वाची भर पडली. औषधाचा शेवटचा डोस दिल्यानंतर किती दिवस त्या जनावराचें दूध, अंडीं किंवा मांस माणसानें खाऊं नये, हें वेष्टनावर छापलें पाहिजे. एखाद्या औषधासाठीं अशी मुदत स्वतंत्र ठरलेली नसेल, तर दूध व अंडीं ह्यांसाठीं ती निदान ७ दिवसांची आणि मांसासाठीं निदान २८ दिवसांची धरावी, असें नियम सांगतो. कारण उघड आहे: औषध शरीरांत गेल्याबरोबर नाहींसें होत नाहीं, त्याचा कांहीं अंश रक्तांत, यकृतांत व दुधांत राहतो आणि हळूहळू कमी होतो. ज्या घरचा दुधावरच खर्च चालतो, त्या घरीं आठवडाभराचें दूध ओतून देणें किती जड जातें, हें आम्ही जाणतों. तथापि तें दूध पिणारें मूलही कोणाचें तरी असतें. कोलिस्टिन नांवाचें जंतुनाशक औषध माणसांच्या अत्यंत कठीण दुखण्यांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावें लागतें. तें कोंबड्यांस व इतर खाद्य जनावरांस देण्यास २०१९ सालीं सरकारनें मनाई केली, तीही माणसाच्याच हिताकडे पाहून.

वरील सर्व नियमांत दोघांचा विचार केलेला आहे: ज्यास औषध द्यावयाचें तें जनावर, आणि त्या जनावराचें दूध-मांस खाणारा माणूस. परंतु आपल्या देशांत मेलेलें ढोर खाणारा एक तिसरा जीव फार पूर्वींपासून होता, आणि त्याची आठवण कोणास झाली नाहीं. तो जीव म्हणजे गिधाड.

आजच्या मुलांनीं गिधाड क्वचितच पाहिलें असेल. त्यांच्या आजोबांस विचारल्यास ते वेगळी हकीकत सांगतील. गांवाबाहेर मेलेलें ढोर टाकलें, कीं घटकाभरांत आकाशांत घिरट्या सुरू होत, आणि पाहतां पाहतां मागें केवळ हाडें उरत. रामायणांतील जटायूमुळें ह्या पक्ष्यास आपल्याकडे मान आहे, तरी दिसण्यांत तो कुरूप, म्हणून त्याच्या कामाची किंमत आपण कधीं केली नाहीं. कोंकणांत मुख्यतः दोन जातींचीं गिधाडें आढळतात. पांढऱ्या पाठीचें गिधाड उंच झाडांवर घरटें करतें. लांब चोचीचें गिधाड सह्याद्रीच्या कड्यांच्या कपारींत राहतें.

१९९० नंतरच्या दहा वर्षांत हीं गिधाडें देशभर झपाट्यानें मरूं लागलीं. राजस्थानांत भरतपूरच्या अभयारण्यांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश ह्यांनीं हा ऱ्हास प्रथम नोंदविला व १९९९ सालीं प्रसिद्ध केला. पुढें देशभर ठराविक रस्त्यांवरून गणती झाली तेव्हां असें दिसलें, कीं १९९२ ते २००७ ह्या अवधींत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारीं ९९९ नाहींशीं झालीं, म्हणजे हजारांमागें एक उरलें. लांब चोचीचीं व सडपातळ चोचीचीं गिधाडें शेंकडा सुमारें ९७ कमी झालीं. एखाद्या पक्ष्याचा इतक्या थोड्या काळांत इतका नाश झाल्याचीं उदाहरणें जगांत विरळाच.

कारण कोणास उमगेना. कोणी साथीचा रोग म्हटला, कोणी शेतांतील कीटकनाशकांस दोष दिला. उलगडा झाला तो पाकिस्तानांतील पंजाब प्रांतांत. तेथें लिंडसे ओक्स नांवाच्या अमेरिकन पशुवैद्यानें आपल्या सहकाऱ्यांसह मेलेलीं गिधाडें चिरून पाहिलीं. तपासलेल्या गिधाडांपैकीं शेंकडा ८५ गिधाडांच्या काळजावर, यकृतावर व मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा थर सांठला होता. मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे युरिक आम्ल रक्तांत सांठतें व त्याचे कण अवयवांवर बसतात, तो हा थर. रोगजंतु, जड धातु, कीटकनाशकें सर्व तपासून झालीं. कांहीं सांपडलें नाहीं. तेव्हां ह्या मंडळींनीं फार साधा प्रश्न विचारला: गिधाडें खातात काय? मेलेलीं गुरें. मग गुरांच्या पोटांत काय जातें? ते पशुवैद्यांकडे व औषधांच्या दुकानांत गेले आणि मूत्रपिंडास अपाय करणारें, तोंडावाटे गेलें तरी अंगीं लागणारें असें कोणतें औषध तेथें खपतें, ह्याची चौकशी केली. एकच नांव पुढें आलें, तें डायक्लोफेनॅक.

वेदना व सूज कमी करणारें हें औषध माणसांस फार दिवसांपासून देण्यांत येत होतें. जनावरांसाठीं तें आपल्याकडे १९९० च्या सुमारास आलें, आणि स्वस्त व गुणकारी म्हणून घरोघर पोहोंचलें. मूत्रपिंडें बिघडून मेलेल्या ज्या २५ गिधाडांची तपासणी झाली त्या सर्वांच्या अंगांत तें आढळलें. इतर कारणांनीं मेलेल्या १३ गिधाडांपैकीं एकांतही नाहीं. २००४ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. गणित करतां असेंही निघालें, कीं शंभर मेलेल्या ढोरांत एकाहूनही कमी ढोर विषारी असलें तरी एवढा नाश घडण्यास पुरे. कारण एका ढोरावर गिधाडांचा सगळा थवा जेवतो. ज्यानें बैलाच्या दुखण्यावर दया करून सुई टोचली, त्याच्या मनांत कसलेंही पाप नव्हतें, हें येथें सांगितलें पाहिजे.

गिधाडें गेल्यावर मेलेलीं ढोरें कुजत पडूं लागलीं, पाणी बिघडलें, मोकाट कुत्रीं वाढलीं. एयल फ्रँक व अनंत सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असा अंदाज केला आहे, कीं गिधाडें नाहींशीं झाल्यामुळें २००० ते २००५ ह्या वर्षांत आपल्या देशांत सुमारें ५ लाख माणसें अधिक मेलीं. अंदाज तो अंदाज. परंतु त्याचा दहावा भाग खरा मानला तरी अंगावर कांटा येतो.

२००६ च्या मे महिन्यांत सरकारनें जनावरांसाठीं डायक्लोफेनॅक तयार करणें थांबविण्याचा हुकूम दिला. २००८ सालीं राजपत्रांत रीतसर मनाई झाली. येथें गोष्ट संपली असती, तर आमचा लेखही येथेंच संपला असता. परंतु हुकूम निघणें आणि हुकूम पाळला जाणें ह्यांत फार अंतर असतें. माणसांसाठींचें डायक्लोफेनॅक दुकानांत होतेंच, आणि तें मोठ्या ३० मिलिलिटरच्या कुपींत मिळे. माणसास एका वेळीं ३ मिलिलिटर पुरतें; मग ती मोठी कुपी कोणासाठीं? २००७ ते २०१० ह्या काळांत कांहीं अभ्यासक गिऱ्हाईक बनून ११ राज्यांतील अडीचशेंहून अधिक दुकानांत गेले, व गुरांसाठीं वेदनाशामक औषध मागूं लागले. शेंकडा ३६ दुकानांत डायक्लोफेनॅक आढळलें. दुसऱ्या कांहीं शास्त्रज्ञांनीं मेलेल्या ढोरांच्या यकृताचे तुकडे गोळा करून तपासले. मनाईपूर्वीं शंभरांत सुमारें दहा तुकड्यांत हें औषध सांपडे. मनाईनंतर प्रमाण उतरलें, परंतु शून्य झालें नाहीं. औषधावर देखरेख ठेवणें म्हणजे काय, हें आम्हांस ह्या यकृताच्या तुकड्यांनीं जितकें शिकविलें तितकें राजपत्रानें नाहीं. अखेर २०१५ सालीं मोठी कुपी बंद करून एका वेळेपुरती ३ मिलिलिटरचीच कुपी ठेवण्यांत आली. त्याविरुद्ध कांहीं कंपन्या न्यायालयांत गेल्या. मद्रास उच्च न्यायालयानें २०१७ सालीं सरकारचा निर्णय कायम ठेवला.

तोंवर त्याच जातीचीं दुसरीं औषधें पुढें आलीं होतीं. ॲसिक्लोफेनॅक गाईच्या अंगांत गेल्यावर त्याचें डायक्लोफेनॅकच होतें! तें व केटोप्रोफेन हीं दोन्हीं जनावरांसाठीं २०२३ च्या जुलै महिन्यांत बंद झालीं, आणि निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस. एका औषधाचा दोष कळून तें बंद होईपर्यंत वर्षांमागून वर्षें जावीं, हें आम्हांस पटत नाहीं. नवें वेदनाशामक गोठ्यांत जाण्यापूर्वींच तें गिधाडांस बाधतें कीं नाहीं हें पाहून घेणें कठीण नाहीं. मेलॉक्सिकॅमच्या बाबतींत तें झालें. तें गिधाडांस निर्धोक असल्याचें २००६ सालीं सिद्ध झालें, आणि गुरांसही तें चांगलें लागू पडतें. पुढें टॉल्फेनॅमिक आम्लाचीही तशीच परीक्षा बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साह्यानें झाली. म्हणजे बैलास वेदनेंत ठेवा असें कोणीच म्हणत नाहीं. दुकानांत कुपीचें नांव वाचून घ्या, एवढेंच.

आपल्या जिल्ह्यांत चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेनें रत्नागिरी व रायगड भागांतील गिधाडांचीं घरटीं शोधून त्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें. रायगडांत म्हसळ्याकडेही असें काम झालें. ठराविक जागीं औषधमुक्त ढोरें ठेवून पक्ष्यांस खाऊं घालण्यांत आलें, कारण हल्लीं ढोर पुरण्याची चाल वाढल्यामुळें त्यांस अन्नही मिळेना. हें काम फार सावकाशीचें आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते, आणि पिल्लू वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. २०२३ च्या मनाईनंतर पहिल्या हंगामांत अंड्यांतून निघालेलें पिल्लू जगलें वांचलें, तर स्वतःचें घरटें बांधील तें २०२८-२९ च्या हिंवाळ्यांत.