शंभर किलोमीटर उंच की सेकंदाला आठ किलोमीटर?

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून 'विक्रम-एस' नावाचा एक छोटा अग्निबाण उडाला. हैदराबादच्या स्कायरूट या खासगी कंपनीने तो बनवला होता. ८९.५ किलोमीटर उंची गाठून सुमारे पाच मिनिटांत तो बंगालच्या उपसागरात पडला. ठरलेही तसेच होते, कारण ती केवळ चाचणी होती. भारतातल्या खासगी कंपनीचा अग्निबाण एवढ्या उंचीवर जाण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे बातमी गाजली आणि गाजायलाच हवी होती.

त्यानंतर महिन्याभराने आम्ही एका शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने उठून विचारले, "सर, हा अग्निबाण नव्वद किलोमीटर गेला. अवकाश स्थानक चारशे किलोमीटरवर आहे. मग साडेचार पट ऊर्जा लावली की तो तिथे पोचेल ना?" आम्ही मान डोलावली, "साधारण तसेच, थोडी जास्त लागेल" असे म्हणालो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. परतीच्या एसटीत मात्र ते उत्तर टोचू लागले. व्याख्यानाच्या कागदाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर आकडेमोड केली आणि चांगलेच वरमलो. उत्तर साडेचार पट नव्हते, दहा पटही नव्हते. ते तीस पटींच्या पुढे जात होते.

खासगी अवकाश उड्डाणांविषयी सध्या शिक्षक-खोलीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे मते ऐकू येतात. "तिकडे कंपन्या माणसे पाठवतात, मग इस्रोला एवढा वेळ का?" किंवा उलट, "श्रीमंतांचे चोचले आहेत, त्यात विज्ञान कुठले?" मते असायला हरकत नाही. पण त्यांच्या बुडाशी बहुधा तीच चूक असते, जी त्या दिवशी आम्ही केली. ती म्हणजे अवकाश प्रवास हा उंचीचा प्रश्न आहे असे समजणे.

तो हिशेब इथे पुन्हा करू. नववी-दहावीच्या गणितापलीकडचे त्यात काही नाही. सोयीसाठी उंची १०० किलोमीटर धरू. एक किलोग्रॅम वस्तू इतकी वर न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार. १ × ९.८ × १,००,००० म्हणजे ९,८०,००० ज्यूल. सुमारे एक मेगाज्यूल म्हणू. हवेचा विरोध सोडून दिला, तर सेकंदाला १.४ किलोमीटर वेगाने सरळ वर फेकलेली वस्तू तिथवर जाईल, क्षणभर थांबेल आणि खाली येईल.

आता स्थानकाकडे वळू. ४०० किलोमीटर उंचीवर नुसते पोचून भागत नाही, तिथे टिकावे लागते. इथे विद्यार्थ्यांचा एक हटकून होणारा गैरसमज आड येतो. 'वर गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून वस्तू तरंगतात' असे त्यांना वाटते. पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर ६,३७१ किलोमीटरवरून ६,७७१ किलोमीटर झाले, एवढाच काय तो फरक. व्यस्त वर्गाच्या नियमाने तिथले गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के भरते. उंच शिडी लावून त्या उंचीवर माणूस सोडला, तर तो दगडासारखा खाली येईल.

मग स्थानक का पडत नाही? खरे म्हणजे ते सतत पडतच असते. फळ्यावर पृथ्वीचा मोठा गोल काढा आणि न्यूटनने केलेला विचार मुलांना करायला लावा. आडवा फेकलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो, मग तो हळू फेका किंवा जोरात. पण पृथ्वी गोल आहे. साधारण ७.९ किलोमीटर सरळ पुढे गेले की तिचा पृष्ठभाग आपल्या सरळ रेषेपासून बरोबर ४.९ मीटर खाली वळलेला असतो. म्हणजे सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने फेकलेला दगड जितका पडतो, तितकीच जमीन त्याच्यापासून दूर वळते. हवा आड आली नाही तर तो पडतच राहतो आणि जमिनीला कधीच लागत नाही. ४०० किलोमीटर उंचीवर हा वेग थोडा कमी, सेकंदाला ७.७ किलोमीटरच्या आसपास असतो.

या वेगाची गतिज ऊर्जा काढू. वेगाचा वर्ग करून निम्मे करायचे. ७,७०० चा वर्ग ५ कोटी ९३ लाख, त्याचे निम्मे जवळजवळ ३ कोटी ज्यूल, म्हणजे ३० मेगाज्यूल. उंचीपोटी लागणारी ऊर्जा यात मिळवली तर ती चार मेगाज्यूलही भरत नाही. एकूण बेरीज ३३ मेगाज्यूल. तिकडे एक, इकडे तेहतीस. आणि त्या तेहतिसातही उंचीचा वाटा एवढासाच, बाकी सगळा वेगाचा.

२०२१ च्या जुलैत नऊ दिवसांच्या अंतराने दोन धनाढ्य गृहस्थ 'अवकाशात' जाऊन आले. ११ जुलैला रिचर्ड ब्रॅन्सन आपल्या व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या यानातून ८६ किलोमीटरपर्यंत गेले, आणि २० जुलैला जेफ बेझोस ब्लू ओरिजिनच्या यानातून १०७ किलोमीटरपर्यंत. अवकाशाची हद्द कुठली, यावर त्या दिवसांत बरीच शाई खर्च झाली. १०० किलोमीटरवरची कारमान रेषा खरी मानायची, की अमेरिकेत वापरतात ती ८० किलोमीटरची? आमच्या मते हा वाद गावाच्या वेशीवरच्या दगडाचा वाद आहे. वातावरण काही त्या रेषेशी एकाएकी संपत नाही. दोन्ही यानांतील माणसांना तीन-चार मिनिटे वजनरहित अवस्था अनुभवता आली, कारण तेवढा वेळ ती यानासकट मोकळी पडत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून चार खासगी प्रवासी तीन दिवस पृथ्वीभोवती फिरून आले. 'अवकाश पर्यटन' या एकाच मथळ्याखाली या तिन्ही बातम्या छापल्या जातात. आधीच्या दोन्ही उड्डाणांमागची ऊर्जा आणि तिसऱ्यामागची ऊर्जा यांत मात्र तीस पटींहून अधिक अंतर आहे.

ऊर्जा तेहतीस पट, मग इंधनही तेहतीस पट का? इथे प्रकरण आणखी अवघड होते, कारण अग्निबाणाला आपले इंधनही उचलून न्यावे लागते. इंधन उचलायला इंधन, आणि ते उचलायला आणखी इंधन. रशियाच्या कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ मध्ये मांडलेले सूत्र हेच सांगते. या सूत्राची चाल चक्रवाढ व्याजासारखी आहे, आणि मुलांना तशी सांगितली की पटकन कळते. समजा, इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळणाऱ्या इंजिनांसाठी हा आकडा बराचसा योग्य आहे. मग सेकंदाला ३ किलोमीटर वेग कमवायचा असेल, तर सुरुवातीचे वस्तुमान शेवटी उरणाऱ्या वस्तुमानाच्या २.७ पट हवे. ६ किलोमीटरसाठी दुप्पट नव्हे, तर २.७ गुणिले २.७, म्हणजे सात पटींहून जास्त. ९ किलोमीटरसाठी वीस पट. शंभर किलोमीटरची उडी मारून परतायला, वाटेतला तोटा धरून, सेकंदाला दोन किलोमीटर पुरतात. निघताना अर्धे वस्तुमान इंधनाचे असले की काम होते. कक्षेत जायला तोटा धरून नऊ किलोमीटर तरी लागतात. म्हणजे वीस टनांतले एकोणीस टन इंधन, आणि उरलेल्या एका टनात टाक्या, इंजिने, यंत्रणा आणि प्रवासी. म्हणून तर अग्निबाण टप्प्याटप्प्यांचा करतात आणि रिकामी झालेली टाकी वाटेत टाकून देतात.

ही टाकाऊ टाकी परत आणण्याचे काम स्पेसएक्सने करून दाखवले. २१ डिसेंबर २०१५ रोजी फाल्कन-९ चा पहिला टप्पा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उभाच्या उभा उतरला, आणि मार्च २०१७ मध्ये एकदा वापरलेला टप्पा पुन्हा कक्षेच्या कामाला गेला. आता एकेक टप्पा तीस वेळाही उडवून झाला आहे. या पराक्रमाचे मोल कमी नाही. फाल्कन-९ च्या दहा इंजिनांपैकी नऊ पहिल्या टप्प्यात असतात, म्हणजे महागड्या सामानाचा मोठा वाटा घरी परत येतो. उतरण्यासाठी थोडे इंधन राखून ठेवावे लागते, त्यामुळे वर न्यायचे ओझे घटते. तरीही व्यवहार परवडतो.

पण नीट पाहिले तर आपला जुना हिशेब इथेही लपलेला आहे. पहिला टप्पा सुटा होतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन किलोमीटरच्या आसपास असतो. तो शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि परततो. कक्षेच्या वेगाच्या चौथा हिस्सा वेग, म्हणजे सोळावा हिस्सा गतिज ऊर्जा. थोडक्यात, हा टप्पा ब्रॅन्सन-बेझोस यांच्या प्रवासाचाच थोडा मोठा भाऊ आहे. कक्षेच्या वेगाला पोचणारा फाल्कनचा दुसरा टप्पा आजही परत वापरला जात नाही. तो परत आणायचा प्रयत्न त्याच कंपनीच्या स्टारशिप प्रकल्पात चालू आहे. ६ जून २०२४ च्या चाचणीत यानाच्या पंखासारख्या झडपेचा पत्रा वातावरणात शिरताना जळत जाताना जगभरच्या लोकांनी थेट प्रक्षेपणात पाहिला. यान हिंदी महासागरात उतरले खरे, पण तेहतीस मेगाज्यूल म्हणजे काय, हे त्या चित्राइतके आमच्या फळ्यावरच्या आकड्यांनी कधी कुणाला पटले नसेल.

हे 'खासगी' यश निव्वळ खासगी पैशातून उभे राहिले, असेही कुणी समजू नये. डिसेंबर २००८ मध्ये नासाने स्थानकावर सामान पोचवण्याच्या १२ फेऱ्यांसाठी या कंपनीशी १६० कोटी डॉलरचा करार केला होता. तोवर तिचा छोटा अग्निबाण तीनदा अपयशी ठरून चौथ्यांदा जेमतेम कक्षेत पोचला होता.

परत येण्याचा प्रश्न ऊर्जेचाच आहे. वर जाताना जे दिले ते सगळे उतरताना कुठेतरी टाकावे लागते. एक किलो पाणी नळाच्या तापमानापासून तापवून पूर्ण आटवायला सुमारे अडीच मेगाज्यूल लागतात. म्हणजे कक्षेतून येणाऱ्या यानाच्या प्रत्येक किलोमागे तेरा किलो पाणी आटेल एवढी ऊर्जा असते. यातली फार मोठी वाटणी हवेच्या पदरात जाते, म्हणून यान वाचते. यानाचे तोंड टोकदार न ठेवता बोथट ठेवले, तर पुढे दाबलेल्या हवेची भिंत तयार होते आणि बरीचशी उष्णता बाजूने निघून जाते, हे ज्युलियन ॲलन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. शुभांशु शुक्ला १५ जुलै २०२५ रोजी स्थानकावरून परतले, तेही ड्रॅगनच्या बोथट बुडाच्या भरवशावर. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या डाव्या पंखाच्या कडेला उड्डाणाच्या वेळी पडलेले भोक पुरेसे ठरले. तप्त वायू आत शिरला आणि उतरायला सोळा मिनिटे उरली असताना कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले.

हे ध्यानात ठेवून इस्रोच्या बातम्या वाचल्या तर त्याही वेगळ्या दिसतात. २ एप्रिल २०२३ रोजी चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलेले पंखधारी यान आपले आपण धावपट्टीवर उतरले. काही मंडळींना ते अवकाशातून परतल्यासारखे वाटले. तसे नव्हते. वैमानिकाविना धावपट्टी गाठण्याची ती परीक्षा होती, तापण्याची नव्हे. याउलट जानेवारी २००७ मध्ये इस्रोने ५५० किलोची एक कुपी बारा दिवस कक्षेत फिरवून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली. तिच्या अंगची ऊर्जा सात हजार लिटरचा पाण्याचा टँकर आटवायला पुरली असती. ती बातमी आज किती शिक्षकांना आठवते?

त्या नववीतल्या मुलाला आम्ही शाळेच्या पत्त्यावर पत्र लिहून चूक कबूल केली आणि हिशेब कळवला. त्याचे उत्तर पंधरा दिवसांनी आले, अर्थातच नव्या प्रश्नासह. एवढी ऊर्जा हवेत उधळून टाकण्यापेक्षा यानाने इंजिन उलटे चालवून सावकाश खाली का येऊ नये?

या वेळी आकडेमोड आधी केली. कक्षेतला ७.७ किलोमीटरचा वेग इंजिनाने मारायचा तर खाली येणाऱ्या एका टनामागे वर निदान तेरा टन वस्तुमान हवे, त्यातले बारा टन इंधन. आणि ते तेराही टन आधी जमिनीवरून वर न्यायचे, म्हणजे प्रत्येकी वीस टन. तेरा गुणिले वीस, दोनशे साठ टन; टाक्या आणि इंजिने वेगळीच. हवा हा ब्रेक फुकट लावते. चंद्रावर हवा नाही. म्हणून २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ च्या लँडरला सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटरचा वेग सगळाच्या सगळा इंजिनांनी मारावा लागला.