भाड्याच्या घरासाठी कर्ज : पेडगावचा हिशेब

पुण्यामुंबईत एका खोलीचे घरही आवाक्यात राहिलेले नाही. तेव्हा मूळ गावाकडे स्वस्तात एखादे घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे आणि आलेल्या भाड्यातून कर्जाचा हप्ता परस्पर फिटावा, असा विचार अनेक नोकरदार कुटुंबांत होतो. तो अव्यवहार्य नाही. मात्र स्वस्त घराच्या बाबतीत खरी अडचण किमतीची नसते, कागदाची असते. परभणी जिल्ह्यातील पेडगाव डोळ्यांसमोर ठेवले, तर ही गोष्ट नीट उलगडते.

परभणी-मनमाड लोहमार्गावरील पेडगाव हे परभणीजवळचे छोटे स्थानक. जिल्ह्याचे ठिकाण जवळ असण्याचा लाभ आहे, तसाच तोटाही. परभणीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे आणि २०११पासून महानगरपालिका. विद्यार्थी व नोकरदारांची भाड्याची मागणी तेथे एकवटते. अशा शहराच्या जवळच्या गावात काम करणारे शिक्षक वा आरोग्य कर्मचारी शहरात राहून ये-जा करू शकतात. त्यामुळे गावात भाडेकरू मिळतो, पण थोडा आणि कमी भाड्याचा. घर वर्षाचे बाराही महिने भरलेले राहील, हे गृहीत धरून कर्ज काढणे धाडसाचे ठरते.

आता कागद. गावठाणातील घराचा मालक बहुधा ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’चा उतारा पुढे करतो. हा कर आकारणीचा उतारा आहे. मालकी सिद्ध करणारा दस्त नव्हे. एवढ्याच कागदावर तारण घेण्यास बँका कचरतात, आणि यामुळेच खेड्यातील पक्के, राहते घरही कर्जाच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बिनकिमतीचे राहिले. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेली ‘स्वामित्व’ योजना या अडचणीवरचाच उपाय होय. ड्रोनच्या साह्याने गावठाणाची मोजणी करायची आणि प्रत्येक मिळकतधारकाला मिळकत पत्रिका द्यायची, असे तिचे स्वरूप. या पत्रिकेचा कर्जासाठी उपयोग व्हावा, हा तिचा जाहीर हेतू आहे. म्हणून घर पाहण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन त्या घराची मिळकत पत्रिका तयार आहे का आणि तिच्यावर नावे कोणाकोणाची आहेत, हे पाहावे. भिंतींची ओल नंतर तपासली तरी चालते.

गावठाणाबाहेरचा भूखंड घ्यायचा तर प्रश्न वाढतात. सातबारावर शेती असेल, तर अकृषिक वापराची स्थिती तपासावी लागते. १९४७चा तुकडेबंदी कायदा अलीकडच्या वर्षांत काही क्षेत्रांपुरता शिथिल झाला असला, तरी एक-दोन गुंठ्यांचा व्यवहार निर्धास्तपणे करावा, अशी स्थिती नाही. शिवाय मराठवाडा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने येथे १९५०चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू होतो; शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास त्याने मर्यादा घातल्या आहेत. जुन्या इनामी व देवस्थानच्या जमिनींचे गुंते वेगळेच. बँकेचा वकील जुन्या नोंदींचा शोध घेतो तो याचसाठी. विक्रेता ‘आजवर कोणी विचारले नाही’ म्हणाला, तर सावध व्हावे.

कागद स्वच्छ निघाला, की कर्ज किती मिळेल हा प्रश्न येतो. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१५मध्ये दिली. त्याच वर्षी दहा लाखांपर्यंतच्या घरांसाठी मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्चही मूल्यात धरण्याची सवलत मिळाली. पण ९० टक्के ही कमाल मर्यादा आहे, ग्राहकाचा हक्क नव्हे. खेड्यातील घराला पुन्हा गिऱ्हाईक मिळणे कठीण, हे मूल्यनिर्धारक जाणतो आणि त्याचा आकडा ठरलेल्या किमतीपेक्षा कमी येऊ शकतो. भाड्याचे अपेक्षित उत्पन्नही बँका सहसा पूर्ण धरत नाहीत. त्यांची नजर अर्जदाराच्या पगारावर व प्राप्तिकर विवरणपत्रांवर असते.

उदाहरणादाखल आठ लाखांचे घर घेऊ. त्यात दोन बिऱ्हाडे, प्रत्येकी अडीच हजार भाडे. वर्षाचे साठ हजार झाले. त्यातून दीड महिना घर रिकामे राहिल्याचे साडेसात हजार आणि घरपट्टी, पाणी, दुरुस्ती यांचे साडेसहा हजार वजा केले, तर ४६ हजार उरतात. म्हणजे महिन्याला सुमारे ३,८०० रुपये. नऊ टक्के दराने तीन लाखांचे कर्ज दहा वर्षांत फेडायचे, तर हप्ता जवळजवळ एवढाच बसतो. घर आठ लाखांचे असले, तरी त्याचे भाडे पेलू शकते ते एवढेच कर्ज. उरलेले पाच लाख आणि खरेदीचा खर्च गाठीशी हवा.

कागद अपुरा म्हणून बँकेने नाकारले आणि एखाद्या वित्त कंपनीने १३ टक्क्यांनी कर्ज दिले, असे समजू. तेच तीन लाख, तोच ३,८०० रुपयांचा हप्ता. पण आता तो पंधरा वर्षे चालेल. जादा पाच वर्षांचे होतात सुमारे २ लाख २८ हजार रुपये. स्वस्त घराच्या अपुऱ्या कागदाची ही किंमत विक्रेत्याने सांगितलेल्या दरात कधीच दिसत नाही.

स्वतःचा हिस्सा भरण्यासाठी वैयक्तिक कर्ज किंवा हातउसने पैसे घेणे हा सर्वांत वाईट मार्ग. दोन हप्ते एकाच भाड्यावर उभे राहत नाहीत. ज्यांचे गावात वडिलोपार्जित घर आहे, त्यांना त्याच जागेत दोन खोल्या वाढवणे अधिक परवडते, कारण जागेची किंमत द्यावी लागत नाही. मात्र तेथे वारसांची संमती लागते. २००५च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला आहे. सासरी गेलेल्या बहिणींची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून ठेवलेली प्रकरणे बँकेच्या टेबलावरच अडतात. वाटणीपत्र नोंदवून घेतलेले बरे.

करांच्या बाबतीत दिलासा आहे. मालकाने भरलेली घरपट्टी वजा करून राहिलेल्या भाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते. मात्र नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. भाडेकरार तोंडी ठेवू नये. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने लेखी करार व त्याची नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी ठरवली आहे. भाडे बँक खात्यात घ्यावे. दुसरे घर घेताना उत्पन्नाचा पुरावा म्हणून तेच खातेपुस्तक दाखवता येते. आणि कर्ज बदलत्या व्याजदराचे असल्यास, वैयक्तिक कर्जदाराला मुदतीपूर्वी फेडीसाठी बँक दंड लावू शकत नाही. तेव्हा घर बाराही महिने भरलेले राहिले, तर वाचलेले साडेसात हजार त्याच वर्षी मुद्दलात भरता येतात.