क्रेटा: पेट्रोल घ्यायची की डिझेल?

शोरूमवाला मायलेज सांगतो. आपण दुकानदार, आपण वसुली बघायची.

क्रेटाची तिन्ही इंजिनं १.५ लिटरचीच. साधं पेट्रोल ११५ पीएस, डिझेल ११६. मग फरक कुठे? टॉर्कमध्ये. पेट्रोलला १४४ एनएम, डिझेलला २५०. पाच माणसं बसवून, डिकी भरून घाट चढलात की लगेच कळतं. टर्बो पेट्रोल १६० पीएसचं, पण ते हौसेचं काम.

आता हिशोब. डिझेलला दीड लाख जास्त धरा, किलोमीटरमागे अडीच रुपये वाचले धरा. वसुलीला ६०,००० किलोमीटर! महिन्याला हजारच फिरत असाल तर पाच वर्षं गेली. त्यात रोज फक्त घर ते दुकान चालवलं, तर डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, चोक होऊ शकतो. तो साफ व्हायला हायवेवर सलग रनिंग लागतं.

माझं रनिंग महिन्याला आठशे. मी साधं पेट्रोलच घेतलं, घाटात गिअर खाली टाकतो.