मूल हट्टी झालंय की घाबरलंय?

हसतंखेळतं मूल एकाएकी गप्प होतं. दहा वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागतो. शिकवणीचं नाव काढताच मुलगी रडून घर डोक्यावर घेते. 'फार लाडावली आहे' असं म्हणून घरचे एक धपाटा घालतात आणि मोकळे होतात. अशा वागण्यामागे दरवेळी छळच असतो असं नाही, पण ही शक्यता विसरून कसं चालेल?

बंगळुरूच्या के. आर. पुरमसारख्या उपनगरात नोकरीनिमित्त आलेल्या कितीतरी घरांत आईवडील दोघंही दिवसभर बाहेर असतात. जवळ ना आजी, ना मावशी. मूल शेजाऱ्यांच्या नाहीतर ओळखीच्यांच्या भरवशावर असतं. केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं होतं. छळणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीतले, विश्वासातलेच होते.

म्हणूनच 'चारचौघांत अब्रू जाईल' या भीतीने घरातलं तोंड बंद होतं. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळवणं बंधनकारक आहे. लपवणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. मुलाला पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागत नाहीत. साध्या वेषातील अधिकारी, शक्यतो महिला, घरी येऊन जबाब घेतात. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. मुलाचं नाव वृत्तपत्रांत छापता येत नाही. तातडीच्या उपचारांसाठी डॉक्टर आधी कागदपत्रं मागू शकत नाहीत.

पण कोर्टाच्या निकालाने मनाची जखम भरत नाही. त्यासाठी याच शहरातल्या निम्हान्स संस्थेत मुलांचा आणि किशोरांचा स्वतंत्र मानसोपचार विभाग आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या पाठबळाने २०२० मध्ये तिथे 'संवाद' उपक्रम सुरू झाला. संकटातल्या मुलाशी कसं बोलावं, याचं प्रशिक्षण त्यातून शिक्षक, समुपदेशक, बालगृहांचे कर्मचारी यांना दिलं जातं.

घरातही तेच शिकायला हवं. मूल बोलू लागलं की मध्ये तोडू नका, उलटतपासणी घेऊ नका. 'तू आधी का नाही सांगितलंस?' हा प्रश्न तर टाळाच. 'तुझी काही चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस' एवढं म्हणा. मग १०९८ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो. मनाच्या त्रासाबद्दल सल्ला हवा असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

अब्रू जपायचीच असेल, तर ती आधी मुलाची जपायला हवी.