विश्लेषण : जीपीएसविना समुद्रतळाशी वाट कशी सापडते?

अंटार्क्टिकाजवळच्या ऑर्कनी पॅसेजमध्ये 2017 साली 'बोटी मॅकबोटफेस' या मानवरहित यानाने सुमारे 4000 मीटर खोलीपर्यंत जाऊन पाण्याचे तापमान, क्षारता आणि घुसळण मोजली. ब्रिटनच्या नॅशनल ओशनोग्राफी सेंटरचे हे यान तिथे सुमारे 180 किलोमीटर फिरले. पण मोजमाप नेमके कुठले, हे ठाऊक नसेल तर ते निरुपयोगी. आणि असे यान बर्फाखाली भरकटले, तर परत मिळेलच याची खात्री नाही.

जीपीएस का चालत नाही?

जीपीएसच्या रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात लगेच शोषल्या जातात. त्यामुळे 'जडत्वीय दिशादर्शन' वापरतात. तीन त्वरणमापक आणि तीन जायरोस्कोप हालचाल नोंदवतात. त्वरणावरून वेग, वेगावरून अंतर असा हिशेब संगणक मांडतो.

चूक कुठे होते?

समजा, त्वरणमापकाची चूक सेकंदावर्गाला फक्त 0.0001 मीटर आहे. 5 मिनिटांत साडेचार मीटरचा फरक पडतो, 10 मिनिटांत 18 मीटरचा. म्हणजे वेळ दुप्पट, चूक चौपट.

मग उपाय काय?

पहिला उपाय डॉप्लर वेगमापक. यान तळाकडे ध्वनिलहरी सोडते. परतणाऱ्या लहरींच्या वारंवारितेतील बदलावरून खरा वेग कळतो. चूक आता कापलेल्या अंतराच्या प्रमाणातच वाढते. तरीही दिशेत एका अंशाची चूक राहिली, तर 100 किलोमीटरनंतर यान पावणेदोन किलोमीटर बाजूला जाते. शिवाय हा मापक तळापासून काहीशे मीटरपर्यंतच चालतो. खोल उतरताना मधल्या पाण्यात तळ मिळत नाही आणि प्रवाह यानाला ढकलत राहतात.

वर येऊन जीपीएस का घेऊ नये?

त्यात बॅटरी आणि वेळ जातो; बर्फाखाली तर ते शक्यच नाही. जहाजावरून ध्वनीने स्थान कळवता येते, पण मग जहाज सतत जवळ हवे आणि त्याचा खर्च मोठा. अधिक अचूक जायरोस्कोपही महाग असतात आणि वीज जास्त खातात. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या यानाला हे परवडत नाही.

नकाशाची मदत कशी होते?

यान खालच्या तळाची खोली मोजत जाते आणि ती साठवलेल्या नकाशाशी ताडून पाहते. सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक संभाव्य जागा धरून चालते. न जुळणाऱ्या बाद होत जातात. ऑर्कनी मोहिमेच्या नोंदींवर संशोधकांनी ही पद्धत तपासली आहे. तळ डोंगरदऱ्यांचा असेल तर ती उपयोगी पडते, सपाट असेल तर खुणाच नसतात.

मुख्य अडचण नकाशाचीच आहे. जगाच्या समुद्रतळापैकी जेमतेम चतुर्थांश भागच आजवर आधुनिक पद्धतीने मोजला गेला आहे.