जिवाणूंचा शेजार

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये हगवणीवर सल्फा औषधे आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन वापरली जाऊ लागली. १९५०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना शिगेला जिवाणूचे असे वाण सापडू लागले, की ज्यांच्यापुढे ही चारही औषधे एकदमच निष्प्रभ ठरत. एकेका औषधाविरुद्ध जनुकात योगायोगाने बदल होतो असे धरले, तर चार बदल एकाच जिवाणूत जुळून येणे जवळजवळ अशक्य होते. १९५९मध्ये हे कोडे सुटले. ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की ई. कोलाय जिवाणू हा प्रतिरोध शिगेलाला जशाच्या तसा देऊ शकतो. त्सुतोमू वातानाबे यांच्या १९६३च्या आढाव्याने ही गोष्ट जगभर पोचवली. प्रतिरोधाची जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, शेजारी शेजारी बसलेली असतात आणि दोन पेशी जोडल्या गेल्या की एकत्रच पुढे जातात. म्हणजे प्रतिरोध वारशाने मिळतो तसा शेजारातूनही मिळतो, आणि शेजारी वेगळ्या कुळातला असला तरी अडत नाही. मग हा शेजार सर्वांत दाट कुठे असतो, हा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर यायला हवा होता. प्रत्यक्षात पुढची कित्येक दशके आपले लक्ष मुख्यतः रुग्णालयावर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर राहिले. गेल्या दोन दशकांच्या पुराव्याने ते नाल्याकडे आणि नदीकडे वळवले आहे, आणि या पुराव्याचा मोठा भाग भारतातल्याच पाण्यातून आला आहे.

२००७मध्ये स्वीडनमधील योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या सांडपाण्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. सुमारे ९० औषधनिर्मिती कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे प्रक्रिया झालेल्या पाण्यात, सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. हिशेब केला तर दिवसाला सुमारे ४५ किलो औषध वाहून जात होते. ९० लाख वस्तीच्या स्वीडनला ते पाच दिवस पुरले असते. अशा पाण्यात काय टिकून राहते, हे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे, नचिकेत मराठे आणि सहकाऱ्यांनी लार्सन यांच्यासह २०१३मध्ये दाखवले. त्या प्रकल्पातून वेगळ्या केलेल्या ९३ जिवाणूंपैकी ८६ टक्के जिवाणू वीस किंवा त्याहून अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. त्यांच्यात इंटिग्रॉनही विपुल होते. इंटिग्रॉन म्हणजे बाहेरून आलेली जनुके एका ओळीत ओवून घेणारी यंत्रणा. त्याच परिसरातल्या काझीपल्ली तलावात प्रतिरोधी जनुकांचे प्रमाण स्वीडनमधल्या एका तलावाच्या तुलनेत सुमारे ७,००० पट असल्याचे २०१४मध्ये नोंदवले गेले. शिवाय निवड घडायला एवढे औषध लागतच नाही. जिवाणू मारायला लागते त्याच्या कित्येक पट कमी मात्रेतही प्रतिरोधी जिवाणू इतरांना मागे टाकतात, हे २०११मध्ये उप्सालाच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते.

औषधकारखाना नसलेल्या ठिकाणीही हीच देवाणघेवाण चालते, हे दिल्लीने दाखवले. २०११मध्ये टिमोथी वॉल्श आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पिण्याच्या पाण्याचे ५० आणि साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले. अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटातील औषधांना निकामी करणारे एनडीएम-१ जनुक त्यांपैकी अनुक्रमे २ आणि ५१ नमुन्यांत सापडले. हे जनुक कॉलरा आणि हगवणीच्या जिवाणूंपर्यंतही पोचले होते, आणि त्याचे हस्तांतर शरीराच्या ३७ अंशांपेक्षा ३० अंश तापमानाला अधिक चांगले होत होते. आपल्याकडच्या उघड्या गटारांत वर्षातला बराच काळ असेच सोयीचे तापमान असते. त्या वेळी जनुकाला दिलेल्या नवी दिल्लीच्या नावावरून आपल्याकडे मोठा वाद पेटला आणि पाण्याचा प्रश्न त्यात मागे पडला. २०१४च्या एका अभ्यासात ऋषीकेश-हरिद्वारच्या गंगेत हेच जनुक यात्रेच्या हंगामात सुमारे वीसपट वाढलेले आढळले. २०१७मध्ये पुण्याच्या मुठा नदीचा गाळ तपासला गेला, तेव्हा शहरातल्या गाळात प्रतिरोधी जनुकांचे प्रमाण वरच्या अंगाच्या तुलनेत तीसपटीपर्यंत भरले. त्यात कोलिस्टिन या अखेरच्या औषधाला दाद न देणारे जनुकही होते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला, प्रतिरोध मानवाहून प्राचीन आहे. हे खरेच आहे. ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही ही जनुके मिळाली आहेत. पण तेव्हा ती विखुरलेली होती. त्यांना प्लाझ्मिडवर एकत्र आणून रोगकारक जिवाणूंपर्यंत पोचवणारा दाब अलीकडचा आहे. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: पाण्यात दिसतो तो प्रतिरोध तिथे जन्मलेला नसून माणसाच्या विष्ठेतून नुसता वाहत आलेला आहे. २०१९च्या एका विश्लेषणाने याला बराच आधार दिला. मानवी आतड्यातल्या जिवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूवरून विष्ठेचे प्रमाण मोजले, तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रतिरोधी जनुके त्याच्याच बरोबरीने वाढत होती. अपवाद होता तो औषधकारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या ठिकाणांचा. म्हणजे या आक्षेपाने प्रश्न मिटत नाही, त्याचे दोन भाग पडतात. कारखान्याच्या पाण्यात प्रतिरोधाची निवड घडते, शहराच्या मैलापाण्यात त्याचा प्रसार होतो. तिसरा आक्षेप असा, की मूळ दोष औषधांच्या अतिवापराचा आहे. तो दोष आहेच. तरीही २०१८मध्ये शंभराहून अधिक देशांची तुलना झाली, तेव्हा प्रतिरोधाचा संबंध औषधांच्या खपापेक्षा स्वच्छता, पाणी आणि कारभाराच्या दर्जाशी अधिक स्पष्ट दिसला. चिठ्ठीवर शिस्त आली आणि नाला उघडाच राहिला, तर अर्धेच काम होईल.

धोरण मात्र पुराव्याच्या मागे राहिले आहे. जानेवारी २०२०मध्ये केंद्र सरकारने औषधकारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गळाल्या. औषधे महागतील ही त्यामागची काळजी दुर्लक्षिण्याजोगी नाही. पण २०१९मध्ये जगात १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या औषधप्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज आहे, आणि ही किंमत औषधाच्या वेष्टनावर छापलेली नसते. सप्टेंबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्यासाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यामुळे मर्यादा कशा ठरवायच्या, ही अडचणही आता सांगता येणार नाही. गळालेल्या मर्यादा परत याव्यात, आणि त्यांची सुरुवात कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी व्हावी, कारण तिथला पुरावा निर्विवाद आहे. शहरांनी मैलापाण्यावर पूर्ण प्रक्रिया करावी आणि तिचा दर्जा ठरवताना बीओडीच्या, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मोजमापाच्या, जोडीला प्रतिरोधी जनुकेही मोजावीत. जपानी संशोधकांनी १९५९मध्ये दाखवून दिले, की प्रतिरोधाला शेजार पुरतो. औषधाचा अंश, विष्ठा आणि जिवाणू यांना एका पाण्यात शेजारी नांदू देणे आपण अजून थांबवलेले नाही.