रेकॉर्डरच्या मागचा कॅमेरा



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची कल्पना असावी. मी कॅमेऱ्याचे नाव काढताच ते थोडे चपापले. मी इंजिनिअर नव्हे. नववीत शाळा सोडून हेल्पर म्हणून कारखान्यात लागलो, आणि पुढे जे शिकलो ते यंत्रे उघडणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून. आज सांगणार आहे तेही असेच, एका माणसाची नोकरी वाचवण्याच्या खटपटीत शिकावे लागले.

प्रकरण दिसायला साधे होते. एका कारखान्याच्या स्टोअरमधून तांब्याची तार गेली. रात्री ९ वाजता कुलूप लावताना माल पुरा होता, सकाळी कमी भरला. आमचा एक सभासद पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडताना कॅमेऱ्यात दिसला, आणि चित्राच्या कोपऱ्यात वेळ होती २२.४०. तो म्हणे, मी ओव्हरटाइम संपवून ८ वाजून १० मिनिटांनी गेलो, पिशवीत डबा आणि कपडे होते. फाटकावरच्या वहीत ८.१० हीच नोंद होती. पण वही लिहिणारा वॉचमन त्याच्या गावचा, म्हणून वही खोटी ठरली. माणूस निलंबित झाला. पुरावा म्हणून आम्हांला काय दाखवले, तर पडद्यासमोर मोबाईल धरून घेतलेले चाळीस सेकंदांचे चित्रण! चौकशी अधिकारी म्हणाले, "कॅमेरा खोटे बोलत नाही."

चित्राविषयी ते खरे आहे. पण वेळ चित्रात नसते, ती चित्रावर लिहिलेली असते. ती लिहितो कोण, हे कळण्यासाठी त्या सगळ्या मांडणीच्या पोटात शिरावे लागते.

भिंतीवर कॅमेरे आणि ऑफिसच्या कपाटात एक काळा डबा, हे दृश्य आता दुकानांत, सोसायट्यांत, शाळांत सर्वत्र आहे. त्या डब्याला एन.व्ही.आर., म्हणजे नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर म्हणतात. जुन्या डी.व्ही.आर.च्या पद्धतीत कॅमेरा हा नुसता डोळा असे आणि बाकीचे काम डबा करी. आजचा आयपी कॅमेरा मात्र स्वतःच एक छोटा संगणक आहे. त्याला स्वतःचा पत्ता असतो, स्वतःचा पासवर्ड असतो आणि स्वतःचे घड्याळ असते. चित्राच्या कोपऱ्यातली वेळ बहुधा कॅमेराच लिहितो. डबा आपल्या घड्याळाप्रमाणे चित्रण डिस्कवर साठवतो आणि पाहताना खालच्या पट्टीवर आपली वेळ दाखवतो. घड्याळे दोन आहेत, आणि दोन्ही सारखी चालतील असे कोणी लिहून दिलेले नाही.

डब्याची पाठ पाहा. एक सॉकेट बाजूला एकटे असते. त्यातून डबा ऑफिसच्या नेटवर्कला जोडतात. दुसरी आठ किंवा सोळा सॉकेटे ओळीने असतात. त्यांत कॅमेऱ्यांच्या केबली. याच केबलीतून कॅमेऱ्याला वीजही मिळते. हिला पी.ओ.ई. म्हणतात. २००३ साली तिचे पहिले मानक ठरले, त्यात एका सॉकेटमधून १५.४ वॉटपर्यंत वीज देण्याची सोय होती. आता गंमत अशी की, ओळीतली ही सॉकेटे ऑफिसच्या नेटवर्कचा भाग नसतात. ते डब्याच्या पोटातले वेगळेच छोटे नेटवर्क असते. हिकव्हिजनच्या डब्यात तिथले पत्ते बहुधा १९२.१६८.२५४ने सुरू होतात, दाहुआच्या डब्यात १०.१.१ने. म्हणून ऑफिसच्या संगणकावर बसून कॅमेऱ्याचा पत्ता टाइप केला तर काहीच उघडत नाही, आणि माणसाला वाटते की कॅमेरा बंद पडला.

मुंबईच्या चाळीत राहिलेल्यांना हे चटकन उमगेल. पाच नंबरची खोली प्रत्येक चाळीत असते. पत्रावर नुसते 'खोली नंबर ५' लिहून ते पेटीत टाकले तर पोस्टमन काय करणार? असे खासगी पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत, असे १९९६ सालीच ठरले आहे. लाखो ठिकाणी तेच आकडे पुनःपुन्हा येतात. चाळ कोणती हे ऑफिसच्या राऊटरला ठाऊक नसते. ठाऊक असते ते फक्त फाटकावर बसलेल्या डब्याला. याला दोष म्हणू नका. ऑफिसातल्या एखाद्या संगणकात व्हायरस शिरला तर त्याला कॅमेऱ्यांपर्यंत थेट वाट सापडत नाही, हा मोठाच फायदा आहे.

नुसते चित्र पाहायचे असेल तर कॅमेऱ्यापर्यंत जाण्याचे कारणच नाही. डब्याकडे मागावे, तो देतो. बऱ्याच सोसायट्या इथे उगाच झगडत बसतात. परंतु कॅमेऱ्याची अंतर्गत मांडणी पाहायची झाली तर आत जावेच लागते.

आमचे तसेच झाले. लेखी अर्ज करून आम्ही डब्यासमोर बसण्याची परवानगी मिळवली, आणि तीही घाईने. कारण हिशेब पाहा: एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट या गतीने चित्रण पाठवत असेल तर दिवसाचे ४३ जीबी होतात. सोळा कॅमेऱ्यांचे सुमारे ६९० जीबी. ८ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि डबा जुन्यावर नवे लिहू लागतो. आमचा अर्ज सहाव्या दिवशी गेला. आणखी आठवडा गेला असता तर पाहण्यासारखे काही उरलेच नसते.

डब्याच्या पट्टीवर आमचा माणूस २०.१० ला सापडला. त्याच चित्राच्या कोपऱ्यात २२.४०! व्यवस्थापनाचे म्हणणे, डब्याचे घड्याळ चुकले असेल. डब्याची वेळ आम्ही मोबाईलशी ताडून पाहिली, ती बरोबर निघाली. चालू चित्राच्या कोपऱ्यातली वेळ मात्र अडीच तास पुढे होती. त्यावर म्हणणे आले, की आज चुकते म्हणून त्या रात्रीही चुकत होती कशावरून. मध्ये कोणी बदलली असेल. मुद्दा रास्त होता, मी तो मानला. आता कॅमेऱ्याच्या आत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

काही डब्यांत आतल्या कॅमेऱ्याचे पान उघडून देणारी वाट असते. यादीतल्या कॅमेऱ्यावर टिचकी मारली की झाले. पण फाटकावरचा जुना कॅमेरा पावसात बिघडला होता आणि त्याजागी दुसऱ्या कंपनीचा बसवला होता. त्याच्यासाठी ती वाट चालेना. मग कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातल्या मुलाने एक लॅपटॉप डब्याच्या ओळीतल्या रिकाम्या सॉकेटला जोडला, त्याचे वायफाय बंद केले आणि त्याला आतल्या मालिकेतला मोकळा पत्ता दिला: १९२.१६८.२५४.२००, मास्क २५५.२५५.२५५.०. म्हणजे आपणच चाळीत खोली घेतली म्हणा ना! मॅनेजरसाहेबांना भीती, की सॉकेटमधली वीज लागून लॅपटॉप जळेल. तसे होत नाही. मानकाप्रमाणे बनवलेले सॉकेट आधी अगदी थोड्या दाबाने चाचपून पाहते, समोर वीज मागणारे यंत्र आहे अशी खूण पटली तरच वीज सोडते. स्वस्तातली काही साधने ही चाचपणी न करताच वीज सोडतात, त्यांच्यापासून मात्र जपावे.

पासवर्ड कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हता. कॅमेरे बसवणाऱ्या कंत्राटदाराला फोन करावा लागला. इतक्या माणसांवर नजर ठेवणाऱ्या डोळ्यांची किल्ली एका बाहेरच्या माणसाच्या खिशात, आणि मालकाला त्याचा पत्ता नाही!

पान उघडले. मुलगा क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, हे घड्याळ बीजिंगचं आहे."

कॅमेरा ज्या टाइम झोनवर कारखान्यातून निघाला होता, त्याच झोनवर इथे चालत होता. चीनची वेळ जागतिक वेळेच्या ८ तास पुढे, आपली साडेपाच तास. फरक अडीच तासांचा. २२.४० मधून अडीच तास वजा केले की २०.१० उरतात. डबा आपल्या कंपनीच्या कॅमेऱ्यांना वेळ लावून देत होता, या परक्याला देत नव्हता. आणि डब्यामागे कोंडलेल्या त्या कॅमेऱ्याला इंटरनेटवरून वेळ विचारण्याची सोयही नव्हती. कॅमेऱ्याच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत, बसवल्या दिवसानंतर मांडणी बदलल्याची एकही नोंद नव्हती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी पाहिले ते साध्या कागदावर लिहून घेतले आणि सह्या केल्या. आमच्यापैकी कोणी कळफलकाला बोटही लावले नाही, हे मुद्दाम सांगतो.

या खटाटोपाला कंटाळून काही लोक राऊटरमध्ये दार पाडून कॅमेरे थेट इंटरनेटवर उघडे ठेवतात, घरबसल्या दिसावे म्हणून. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधले, कंपनीने घालून दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहिले आणि हजारो यंत्रे ताब्यात घेतली. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. बाहेरून पाहायचेच असेल तर व्हीपीएनची बंद वाट घ्यावी.

कोर्टाचे नियम आणखी कडक आहेत. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीतला खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा खटला अनेकांना आठवत असेल. उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत आले की नाही, हा त्यात वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रण पुढे आले होते. म्हणजे तिथेही प्रश्न वेळेचाच! १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्रच कोर्टात आणले नसेल तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. कारखान्यातल्या चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोर लागू नाही, पण ज्या पुराव्यावर माणसाची भाकरी जाणार तो त्याला पुरता पाहू देणे तिथेही चुकत नाही. आता आमच्या प्रत्येक अर्जात आम्ही डब्यातली मूळ फाईल, डब्याची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ, तिन्ही मागतो.

त्या दिवशी उरलेले पंधरा कॅमेरेही तपासले. आणखी एक बीजिंगच्या वेळेवर चालत होता. आमचा सभासद पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाला. निलंबनाच्या काळातला निम्मा पगार त्याला मिळाला आहे. उरलेला निम्मा आम्ही अजून मागतो आहोत.